आधी मोजा, मग वाढा

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु येतं. भाताची खाचरं, नारळाच्या बागा आणि तालुक्याच्या गावाला असतो तेवढा बाजार. मराठी वाचकाला हे गाव ठाऊक असलंच तर मुक्तांबाळ छत्रामुळे. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, रामेश्वरच्या वाटेवरच्या वाटसरूंसाठी ते उभारलं. गावाची दुसरी ओळख अलीकडची आहे. २०१२ पासून इथे तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचं महाविद्यालय आणि संशोधन संस्था आहे.

पुढच्या संवादातले मामा तंजावरी मराठी, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरची शेती आहे आणि पक्ष्यांचा नाद आहे. भाची मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेली डॉक्टर, चार दिवस आजोळी आलेली. दोघंही या लेखापुरती योजली आहेत, त्यांच्या तोंडच्या घटना, कायदे आणि आकडे मात्र खरे आहेत. मामांची तंजावरी बोली छापताना नेहमीच्या मराठीत आणली आहे.

मामा: ये, बस. तुझे पेशंट दाखवतो. भिंतीवर तीन, न्हाणीघराच्या पत्र्यावर एक, आणि पेंढ्याच्या गंजीमागे एक मांजरी व्यायलीय. गेल्या वर्षी या अंगणात एकच होती. तुझी मामी रोज उरलेला दहीभात नेऊन ठेवते, त्याचं हे फळ.

भाची: मामीनं भात थांबवला तरी कोपऱ्यावर मासळीवाल्या बसतातच की. गेल्या वर्षी जी एक होती, तिची तेव्हाच नसबंदी केली असती तर आज मोजायची वेळ आली नसती.

मामा: हे तुमचं ठरलेलं उत्तर. पिंजऱ्यात धरायचं, भूल द्यायची, कापायचं, शिवायचं आणि पुन्हा माझ्याच भिंतीवर आणून सोडायचं! एवढा खटाटोप करून हाती लागलेलं जनावर परत का सोडता? लांब कुठेतरी नेऊन सोडा. नाहीतर सरळ संपवा.

भाची: संपवायला कायदा आडवा येतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली जनावराला मारणं किंवा अपंग करणं हा गुन्हा आहे. लांब नेऊन सोडलं तर तिथल्या मामीच्या अंगणात तीच कटकट. शिवाय अनोळखी जागेत सोडलेलं मांजर एक तर तिथल्या मांजरांशी भांडून मरतं, नाहीतर घराच्या ओढीनं रस्त्यावर येऊन गाडीखाली जातं.

मामा: कायदा राहू दे. शास्त्र काय म्हणतं ते बोल. हिंदी महासागरात मॅरियन बेट आहे. तिथल्या हवामान केंद्रात १९४९ मध्ये उंदरांसाठी पाच मांजरं आणली. पुढे तीच हजारोंनी झाली आणि बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी फस्त करायला लागली. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी त्यांच्यात रोगाचा विषाणू सोडला, मग रात्री-रात्री शिकार केली, सापळे लावले. १९९१ पर्यंत बेटावर एक मांजर उरलं नाही. काढून टाकल्यानं प्रश्न सुटतो, याचा आणखी काय पुरावा हवा?

भाची: पुरावा पक्का आहे, पण तो बेटाचा आहे. ओरत्तनाडुला समुद्राची वेस नाही. इथली पाच काढली तर शेजारच्या वाडीतली पाच येतील, कारण मासळी आहे, भात आहे, गंज आहे. टास्मानियाच्या जंगलात थोडीथोडी मांजरं मारून पाहिली, तेव्हा त्या पट्ट्यात मांजरं उलट जास्त दिसायला लागली. मोकळी झालेली जागा बाहेरच्यांनी भरली. मॅरियनला एवढी साधनं हाताशी असून आणि बाहेरून एकही मांजर येत नसून विषाणूनंतर चौदा वर्षं लागली. ते काम आपली पंचायत करणार आहे?

मामा: बरं. मग तुमच्या नसबंदीचा हिशेब मांड.

भाची: आधी मांजरीचाच मांडते. पाच-सहा महिन्यांची झाली की ती माजावर येते. गाभणपण सुमारे चौसष्ट दिवसांचं, एका वेताला सरासरी चार पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की मांजरींचा माज थांबतो. इथे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही साडेअकरा तासांचा. म्हणजे सुट्टीच नाही, बारा महिने पाळणा हलतोय.

मामा: आणि तरी गाव मांजरांनी भरून गेलं नाही. निसर्ग त्याचा हिशेब करतोच.

भाची: कसा करतो ते पाहायचंय? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये मोकाट मांजरींच्या १६९ पिल्लांवर नजर ठेवली होती. सहा महिन्यांच्या आत त्यातली १२७ मेली किंवा नाहीशी झाली. चारांतली तीन. कुत्र्यांनी फाडली, गाडीखाली गेली, आजारानं संपली. पत्र्याखाली डोळे चिकटलेलं, सर्दीनं श्वास अडकलेलं पिल्लू मी किती वेळा उचललंय! डोळ्यावरचा तो वाळलेला पू कोमट पाण्यानं भिजवून काढला तर खाली डोळाच शिल्लक नसतो. निसर्ग हिशेब करतो, मामा, पण असा. नसबंदी जिवंत मांजराला मारत नाही, ही मरणं जन्मायच्या आधीच टाळते. माझ्या दृष्टीनं तिचं खरं समर्थन एवढंच.

मामा: पिल्लांचा कळवळा मलाही आहे. पण तू फक्त मांजराची मरणं मोजतेस, मी पक्ष्यांचीही मोजतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अंदाज काढला. तिथली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यातही मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा. नसबंदी केलेलं मांजर गाभण राहत नाही, शिकार थोडीच सोडतं? माझ्या बांधावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते. मुनिया कापणीनंतर खाली उतरून दाणे टिपतात. तुझं टाके घातलेलं मांजर आणखी पाच-सात वर्षं त्यांच्या मागे असणार.

भाची: असणार. हे नाकारणारा नसबंदीवाला खोटं बोलतो. पोटभर जेवलेलं मांजरही हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतंच. तो आकडा अमेरिकेचा आहे, जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, पण तुमचा मुद्दा त्यानं कमी होत नाही. म्हणून जागेचा भेद करायला हवा. बाजारात, वस्तीत, दवाखान्यामागे मांजर परत सोडावं. तळ्याकाठी, पक्षी घरटी करतात तिथे सोडू नये.

मामा: वडुवूरचं काय करणार? मन्नारगुडीच्या रस्त्यावरचं ते पक्षी अभयारण्य १९९९ पासूनचं आहे, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. थंडीत तिथे पाहण्यासारखी गर्दी असते.

भाची: अशा तळ्याच्या आसपास भटकं मांजर सापडलं तर मी ते परत सोडणार नाही. घर शोधीन, नाही मिळालं तर कायमच्या निवाऱ्यात ठेवीन. त्याला खर्च येईल, आणि तो द्यावा लागेल. सगळीकडे एकच नियम लावणं हा आळस झाला.

मामा: हे पहिल्यांदाच कुणा मांजरवालीच्या तोंडून ऐकतोय. मला वाटलं, आता तू मांजरं उंदीर मारतात हे सांगणार. आमच्या भातपट्ट्यात मांजरांची बाजू घेणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो.

भाची: तो युक्तिवाद मी कधीच सोडला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कचरा निवडण्याच्या एका केंद्रात घुशींएवढे उंदीर होते, मांजरंही होती. ७९ दिवस कॅमेरे लावून ठेवले, त्यात मांजरांनी मारलेले उंदीर निघाले दोन. मांजर पाहून उंदीर फक्त दडून बसायचे. लहान चिचुंद्री, घरातला बारका उंदीर मांजर मारतं. शेतातली घूस त्याला झेपत नाही.

मामा: शेतातल्या उंदराला घुबड लागतं. माझ्या खाचरात मी गव्हाणी घुबडांसाठी उंच काठ्या उभ्या केल्यात, बसायला. सकाळी काठीखाली त्यांनी ओकलेले गोळे सापडतात, त्यात उंदरांची हाडं.

भाची: मग उंदीर दोघांनीही सोडू. रोगाचं विचारा.

मामा: विचारणारच होतो. रेबीज आणि टॉक्सोप्लाझ्मा.

भाची: आपल्याकडे रेबीजचा मुख्य वाहक कुत्रा, पण मांजर चावलं-ओरबाडलं तरी जखम साबणानं धुऊन लस घ्यायलाच हवी. नसबंदीच्या वेळी मांजर भुलीत असतं, रेबीजची लस तेव्हाच टोचतात. धरलंच नाही तर लस कुणाला टोचणार? टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं म्हणाल तर मांजर पहिल्यांदा बाधित होतं तेव्हा साधारण दोन-तीन आठवडे विष्ठेतून त्याची बीजं टाकतं. शिकारीला लागलेली कोवळी पिल्लं हा त्यातला मोठा गट. पिल्लं कमी झाली की बीजंही कमी. तरी गरोदर बाईनं मांजराची घाण उपसू नये, भाजी धुऊन घ्यावी, हे मी सांगतेच.

मामा: ठीक. आता मुळावर येऊ. तुमच्या या उपायानं संख्या खरंच घटते का? फ्लोरिडातल्या विद्यापीठाचं उदाहरण तुम्ही सगळे देता.

भाची: देतो, कारण नोंदी चांगल्या आहेत. १९९१ ते २००२. अकरा वर्षांत १५५ मांजरं नोंदली. १९९६ मध्ये आवारात ६८ होती, २००२ मध्ये २३ उरली. १९९५ नंतर तिथे पिल्लू जन्मलेलं दिसलं नाही.

मामा: आणि त्या १५५ पैकी सुमारे निम्म्यांना लोकांनी घरी नेलं, हे का गाळतेस? संख्या घटली ती दत्तक दिल्यामुळे. शिवाय सॅन डिएगो आणि अलाचुआ या दोन परगण्यांच्या नोंदी २००५ मध्ये तपासल्या, तेव्हा हजारो शस्त्रक्रिया होऊनही एकूण संख्या घटल्याचं दिसलं नाही. निवृत्त झालो म्हणून वाचन सोडलेलं नाही मी.

भाची: हे मान्य, आणि त्याचं कारणही सांगते. परगण्यात पसरून केलेलं काम म्हणजे इथे दोन मांजरी, तिथे तीन. उरलेल्या व्यायतात आणि वर्षभरात भर टाकतात. विद्यापीठाचं आवार म्हणजे एक वस्ती, एक यादी, तीच माणसं, आणि माणसाळलेली पिल्लं लगेच घरी. एका वस्तीतली पाऊणएक मांजरं थोड्या अवधीत हाताखालून गेली नाहीत तर काम पालथ्या घड्यावर पाणी. आणि नवं सोडून दिलेलं मांजर त्याच आठवड्यात धरायला हवं.

मामा: म्हणजे आपल्याकडे जे चालतं ते बहुतेक निरुपयोगी, असं तूच म्हणतेस. कुणीतरी हौशी मुलगी पदरच्या पैशानं चार मांजरी नेते, पुढच्या वर्षी दमून सोडून देते.

भाची: त्या चार मांजरींना उपयोग होतो, गावाला होत नाही. म्हणून हे काम एकट्याच्या दयेवर सोडू नये. मुंबई महापालिकेनं २०१९ मध्ये भटक्या मांजरांच्या नसबंदीची योजना सुरू केली, तोवर सगळा भर कुत्र्यांवरच होता. उलटं टोकही बघा. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून जास्त मांजरी असल्याची बातमी आली, शेजारी वासानं हैराण. आसरा दिला आणि पाळणा थांबवला नाही, की दयेचं असं होतं.

मामा: करायचं कसं, ते तरी सांग. मांजर काही कुत्र्यासारखं हाकेला येत नाही.

भाची: आठवडाभर आधी रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाऊ ठेवायचा. धरायच्या आदल्या दिवशी उपाशी. पिंजरा लांबट, आत पावलाखाली दबणारी पत्री, तिच्यापलीकडे सुकट. तुमचं करुवाडु उत्तम, वास लांब जातो. मांजर दबकत येतं, पुढचे पाय आत, मागचे बाहेर, असं बराच वेळ उभं राहतं. तुम्ही हललात तर संपलं. पत्री दबली की दार खटकन पडतं आणि जनावर जाळीवर डोकं आपटायला लागतं. त्याच क्षणी पिंजऱ्यावर जाड कापड टाकायचं. अंधार झाला की ते गप्प बसतं. आचळं भरलेली मांजरी सापडली तर आधी पिल्लं शोधायची, ती न सापडता आईला डांबून ठेवलं तर पिल्लं भुकेनं मरतील.

मामा: आणि शस्त्रक्रिया?

भाची: मांजरीच्या कुशीला लहान छेद, बोक्याचं तर काही मिनिटांचं काम. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं, जेमतेम सेंटिमीटरभर. लांबूनच ओळखू येतं की हिची झाली आहे, पुन्हा धरायला नको. पूर्ण शुद्धीवर आली, खायला लागली, टाका कोरडा आहे, एवढं पाहून जिथून धरली तिथेच सोडायची. पुढचे महिने बोक्यांची रात्रीची भांडणं, मूत फवारणं, माजावरच्या मांजरीचं ओरडणं कमी होतं. तुमची झोप वाचते हा फायदा कुणी मोजत नाही.

मामा: डॉक्टर कुठून आणणार?

भाची: तुमच्या गावात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मामा! जिथे मुलं शस्त्रक्रिया शिकतात, तिथे गावाला अशी विनंती घेऊन जाता येतं. पंचायतीनं पिंजरे आणि औषधांचा खर्च उचलावा, मासळीबाजारवाल्यांनी जागा दाखवाव्यात, मामीसारख्यांनी यादी ठेवावी. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं विचारत बसण्यापेक्षा कामं वाटून घेतलेली बरी.

मामा: आणि खाऊ घालणं? मी ते बंदच करायला सांगीन.

भाची: बंद केलं तर लोक चोरून घालतात, आणि मग धरायचं कुठे हेच कळत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतल्या प्राण्यांना खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवायचं काम रहिवासी संघावर, स्थानिक प्रतिनिधींवर टाकलंय. खेळायच्या जागा, जिने, दारं सोडून. त्याचा उपयोग करा. पंधरा मिनिटं ताटली ठेवा, मग उचला. ताटली रात्रभर राहिली तर उंदीर, घुशी आणि कावळेच जेवतात.

मामा: तू छत्राच्या गावात बसून हे बोलतेस म्हणून सांगतो. सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला छत्रांविषयी पत्र लिहिलं होतं. वाटसरूला जात न विचारता शिजलेलं अन्न, मध्यरात्री घंटा वाजवून कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याला बोलावणं, आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलाला दूध, गरोदर बाईची देखभाल. हे सगळं त्यात आहे. आमच्या घरात ही गोष्ट अन्नदानाचा महिमा म्हणून सांगतात. मला त्यात कारभार दिसतो. कोण आलं, कोण राहिलं, कुणाला काय लागेल, याची खबर ठेवल्याशिवाय मध्यरात्रीची घंटा वाजवता येत नाही.

भाची: सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात तर जनावरांच्या औषधांचंही काम चालायचं.

मामा: हो. म्हणून तुझ्या मामीच्या दहीभाताला माझा विरोध नाही, बेहिशेबी दहीभाताला आहे. माझ्या अटी ऐक. तळ्याकाठी आणि पाखरांच्या जागी परत सोडणं नाही. एक वस्ती पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. दर सहा महिन्यांनी मोजणी, आणि तीन वर्षांत आकडा उतरला नाही तर काम थांबवून पुन्हा विचार.

भाची: तिन्ही मान्य. माझी एक. दत्तक देता येण्याजोगं एकही पिल्लू परत रस्त्यावर जाणार नाही, आणि पहिलं पिल्लू तुम्ही घरात ठेवायचं. रात्री दार लावून. म्हणजे टिटवीही वाचेल.

मामा: गंजीमागचं?

भाची: गंजीमागचं. आणि त्याच्या आईची शस्त्रक्रिया पिल्लं दूध सोडतील त्या आठवड्यात.

दोघांमधला वाद मिटला असं नाही. मामांच्या लेखी मांजर हा माणसानं आणलेला शिकारी आहे, भाचीच्या लेखी तो माणसानं वाऱ्यावर सोडलेला आश्रित आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही बाजूंनी उत्तर एकाच जागी येतं. मारून वस्तीतली मांजरं संपत नाहीत, नुसतं वाढून त्यांचे हाल संपत नाहीत, आणि तुटक नसबंदीनं संख्या घटत नाही. एक वस्ती धरून, बहुतेक सगळ्या मांजरांची, नोंदी ठेवून केलेली नसबंदी हाच आज हाताशी असलेला त्यातल्या त्यात सभ्य मार्ग आहे. पक्ष्यांच्या जागा मात्र त्यातून वगळल्याच पाहिजेत.

तुम्ही ओरत्तनाडुत असा, पुण्यात असा की डोंबिवलीत, अंगणात किंवा जिन्याखाली मांजरांना वाढत असाल तर उद्या ताटली ठेवण्याआधी एक वही घ्या. किती मांजरं येतात, त्यातल्या किती मांजरींच्या कानाचं टोक कापलेलं आहे, किती गाभण आहेत, लिहून काढा. तो कागद घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तुमच्या वॉर्डाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा. मामीच्या दहीभाताला खरी जोड या कागदाचीच हवी.